चाकवतातलं रक्त

पुण्याच्या मंडईतली पालेभाजी त्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर नको झाली होती. आदल्या दिवशी उपटलेली, वर दहा वेळा पाणी मारून ताजी दाखवलेली. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं आणि मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते. म्हणजे कामशेतहून सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं, दिवसभर प्रयोगशाळेत पानं वाटायची आणि संध्याकाळी हिरवे हात घेऊन घरी यायचं. आई म्हणायची, "वाटणच करायचं होतं तर एवढी शिकलीस कशाला? पाटा घरात होता की!" मी चिडायचे. मला चिडायला फारसं काही लागायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला पानाच्या आतली दोन प्रथिनं शोधायची होती. हिरव्या पानाच्या पेशीत बारीक हिरव्या चकत्या असतात, चकत्यांत पातळ पडदे, आणि त्या पडद्यांत रुतून बसलेली प्रथिनं. ऊन पडलं की हरितद्रव्यातून एक इलेक्ट्रॉन उडतो आणि या प्रथिनाकडून त्या प्रथिनाकडं असा हातोहात पुढं जातो. त्या ओळीच्या मधोमध मला हवी असलेली ती दोन प्रथिनं बसलेली असतात, त्यांना सायटोक्रोम म्हणतात. त्यांच्या पोटात लोखंडाचा अणू असतो. तो अणू इलेक्ट्रॉन घेतो, क्षणभर सांभाळतो आणि पुढच्याला देऊन मोकळा होतो. या देवाणघेवाणीत हायड्रोजनचे कण पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात, त्यांचा दाब साठतो आणि त्या दाबावर पेशीची शक्ती तयार होते, हे तेव्हा लोकांना नुकतं कुठं पटू लागलं होतं. माझा प्रश्न त्याहून साधा होता. ते दोघं पडद्यात एकाच जुडग्यात बांधलेले असतात, की नुसते शेजारी शेजारी राहतात? आईला मी सांगितलं, "एकत्र कुटुंब आहे की वेगळ्या चुली, ते बघायचंय." ती म्हणाली, "त्याला पुणं कशाला पाहिजे? आपल्या आळीत बघ."

अडत होतं ते पानांवर. पानं दिवसभर उन्हात राहिली की त्यांच्यात पिठाचे कण साठतात आणि यंत्रात गरगर फिरवताना ते कण चकत्या फाडून टाकतात. आमचे सर म्हणाले, "उजाडायच्या आत तोडलेली पानं आण. तोडल्यापासून अंधारात आणि गारव्यात राहिलेली. नाहीतर बसा हिरवं पाणी बघत." सांगायला काय जातं! अशी पानं काय झाडाला लागतात, असं मी पुटपुटले, आणि लागतातच की, हे लक्षात आल्यावर आणखी चिडले.

तेव्हा मला मावशी आठवली. सख्खी नव्हे. कामशेत स्टेशनाबाहेर तिकीटखिडकीच्या भिंतीला टेकून बसणारी भाजीवाली. सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. वर डोंगरात तिची वाडी होती. घरामागं झऱ्याचं पाणी होतं, त्यावर ती वाफाभर चाकवत आणि माठ करायची, आणि पाटी डोक्यावर घेऊन पहाटे खाली उतरायची. चाकवत म्हणजे पालकाचा भाऊच. मला तोच हवा होता.

"मावशी, उजाडायच्या आत खुडून देशील?"

"दीन की."

"आणि ऊन लागू द्यायचं नाही हं. ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वर घोंगडं टाकायचं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "इळ्यानं कापू का हातानं खुडू?"

"हातानं. आणि तुझ्याच हातानं. दुसऱ्या कुणी हात लावला तर चुरगळेल."

"आंगूळ करून?"

मला हसू आलं. "कर बाई, तेवढंच थंडीत पुण्य," असं मी म्हणाले आणि गाडी पकडायला पळाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

दुसऱ्या दिवसापासून माझा चाकवत सुरू झाला. आणि काय चाकवत होता! गार, करकरीत, दवाचा थेंबही न सांडलेला. मी ती गाठोडी बर्फाच्या डब्यात घालून न्यायचे आणि सर पहिल्यांदाच मला "छान" म्हणाले. पैसे मी रोख द्यायचे, मावशी ते कनवटीला लावायची. रोज गाडी येईपर्यंत आम्ही बोलायला लागलो. बोलायचा विषय एकच असायचा, तिची सून.

मावशीला एक मुलगा. तो घाटाखाली कारखान्यात कामाला होता आणि सणावारी वर यायचा. घरात सासू आणि सून दोघीच. सुनेला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळं वाया गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि सहावा महिना सुखरूप सरत आला होता. "पांडरी फटक दिसती गं," मावशी सांगायची. "चढ म्हनून चढवत न्हाई. चार पावलं टाकली का बसती. ती दवाखान्याची नर्सबाय आलती वाडीवर. पापनी वडून बघितली, लाल गोळ्या दिल्या, म्हनली, अंगात रगात न्हाई. आता ते आनायचं कुटनं?" तिच्या आवाजातली काळजी मला कळत होती. हे मूल जगावं आणि सून वाचावी, एवढंच तिचं मागणं होतं. रोज ती तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगायची.

एक दिवस गाडीला उशीर झाला. फलाटावर हमाल मालडब्यातून तांदळाची पोती उतरवत होते, एक दुसऱ्याच्या हाती देत होता, दुसरा तिसऱ्याच्या. मावशीनं विचारलं, "बाय, एवड्या पाल्याचं तू करती काय गं?" बापरे, कुणीतरी विचारलं! घरी कुणी विचारत नव्हतं, आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना माझ्याहून जास्त कळायचं. मी सुटलेच. हमालांकडं बोट दाखवून तिला सगळं सांगितलं. पानात अशीच ओळ असते, उन्हाचं पोतं असंच हातोहात जातं, आणि मधल्या हमालाच्या पोटात लोखंड असतं. मग मला आणखी जोर चढला. मी म्हणाले, "मावशी, आपल्या रक्तात जे असतं ना लाल, तेच. अगदी तसंच कडं, तसंच मधोमध लोखंड. हिरव्याखाली झाकलेलं असतं म्हणून दिसत नाही. पानातसुद्धा रक्त असतं, आणि मी ते बाहेर काढतेय!"

"पाल्यातनं रगात?"

"व्हय," मी तिच्यासारखंच म्हणाले. मला फार आवडलं होतं माझं बोलणं.

शास्त्राच्या दृष्टीनं त्यात खोटं काही नव्हतं. त्या दोन सायटोक्रोमांतलं लोखंड अणूंच्या ज्या कड्यात बसवलेलं असतं, ते रक्तातल्या कड्याचं सख्खं भावंड आहे. हरितद्रव्याचंही कडं तसंच, फक्त मधोमध लोखंडाऐवजी मॅग्नेशियम. हे मी अनेकदा अनेकांना सांगितलंय आणि सगळे "अरे वा" म्हणतात. मावशी "अरे वा" म्हणाली नाही. ती माझ्या डब्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाठोडं दुप्पट होतं आणि तिनं पैसे घेतले नाहीत.

"अगं, घे की!"

"न्हाई बाय. आता पैशे न्हाई घ्यायचे."

मी हट्ट केला, ती हातच पुढं करेना. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "गरिबाचं फुकट खाऊ नये. लुगडं घे तिला." मी दुसऱ्या दिवशी लुगड्याचं विचारलं. मावशी म्हणाली, "काम झालं म्हंजी घीन. चांगलं दोन लुगडी घीन, माजं येक नि सुनंचं येक." मला वाटलं, किती माया लावली हिनं! माझं काम व्हावं म्हणून ही डोंगरातली बाई झटतेय. गाडीत बसून माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

प्रयोग मात्र काही केल्या जमेना. पडद्यांतून प्रथिनं सोडवायला साबणासारखं द्रव्य वापरायचं. ते थोडं कमी पडलं तर काहीच सुटत नाही, थोडं जास्त झालं तर सगळ्या जुडग्याचा चुराडा. कितीतरी गाठोडी मी गटारात ओतली. मावशी रोज विचारायची, "निगालं का?" आणि मी खेकसायचे, "नाही निघालं! निघेल तेव्हा सांगेन!" ती बिचारी खाली मान घालायची. "ऱ्हाऊ दे," म्हणायची, "उद्या आनखी चांगला आनते." सुनेला कसं आहे, हे मी त्या दिवसांत एकदाही आपणहून विचारलं नाही. ती सांगायची ते ऐकायचे. सातवा लागला, पाय सुजले, बसल्या जागी दम लागतो. मी "काळजी घ्या" म्हणायचे आणि घड्याळ बघायचे.

आणि एका संध्याकाळी निघालं. हिरवं सगळं धुऊन गेलं होतं आणि नळीच्या तळाशी पिवळसर पाणी उरलं होतं. त्यात मी क जीवनसत्त्वाची चिमूट टाकली. लोखंडाला इलेक्ट्रॉन मिळाला आणि पाणी गुलाबी झालं. अगदी फिकं, पण गुलाबी. यंत्रावर मोजलं तर दोन्ही सायटोक्रोम एकाच थरात होते, एका जुडग्यात. एकत्र कुटुंब! सरांनी नळी उजेडासमोर धरली आणि पेढे मागवले. मी गाडीत उभ्यानं आले, बसायचंही सुचलं नाही.

सकाळी मावशी दिसली तशी मी लांबूनच ओरडले, "मावशी, निघालं!"

पाटी तिथंच टाकून ती उठली. "लाल?"

"गुलाबी! तुझ्या चाकवतातलं!"

तिनं माझ्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. भाजी न विकता, भरली पाटी घेऊन ती तशीच डोंगराच्या वाटेला लागली. मी म्हटलं, आनंद झालाय, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनात शिरले तर मावशीच्या शेजारी भिंतीला टेकून एक पोरगी बसली होती. पोरगीच. माझ्याहून लहान. ओठ चुन्यासारखे पांढरे, पाय सुजून घट्ट झालेले, पोटावर दोन्ही हात. मावशीनं तिला डोंगर उतरवून चालत आणलं होतं. मला बघून मावशी म्हणाली, "ही बग, आली. तुला तिकडं वर कशाला तरास, म्हनून हिलाच आनली." आणि सुनेला म्हणाली, "हात कर, बाय देती."

सुनेनं ओंजळ पुढं केली.

मला क्षणभर काही कळलंच नाही. आणि मग कळलं. पहाटे खुडणं, हातानंच खुडणं, दुसऱ्याचा हात न लागणं, ऊन न दाखवणं. मी सांगितलेला एकूण एक नियम तिच्या वाडीत औषधाचा पाला आणायचा नियम होता. औषधाला पैसा घेतला की गुण जातो, हेही मला माहीत होतं. कामशेतात वाढलेल्या कुणाला माहीत नाही? महिनाभर ती माझ्या हातात सुनेचं औषध देत होती, आणि मी ते गटारात ओतत होते.

"मावशी, ते औषध नाहीये गं," मी म्हणाले. "ते प्यायचं नसतं. नुसतं बघायला काढलंय मी."

"मंग अजून कच्चं हाय का? किती दिस लागतील?"

"अगं, कच्चं नाही, पक्कं नाही, औषधच नाही ते!" मी ओरडले. फलाटावरची माणसं बघायला लागली. "नर्सबाईनं गोळ्या दिल्या होत्या ना लाल? त्या घेतल्या का हिनं?"

सून पहिल्यांदा बोलली. "शिक्यात हायेत. सासूबाय म्हनल्या, दोन औशदं एका पोटात भांडत्यात. तुमचं मिळोस्तवर थांबू."

माझी पुण्याची गाडी आली आणि गेली. मला इतका राग आला होता, मावशीचा, नर्सबाईचा, त्या गुलाबी पाण्याचा, की तो कुणावर काढावा ते समजेना. रागावण्यासारखं माणूस तिथं एकच होतं, ते मला ठाऊक होतं. मी सुनेचा हात धरला. तो बर्फाच्या डब्यासारखा गार होता. लोणावळ्याकडच्या गाडीत आम्ही तिला दोघींनी उचलून चढवलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेची पापणी ओढून बघितली आणि आमच्याकडं वळल्या. "हिला डोंगर चालवत कुणी आणलं? इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" मावशी जमिनीकडं बघत राहिली. मीही. मी शिकलेली दिसत होते म्हणून बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला तरी कळायला नको का?" मी तोंड उघडलं, पण सांगणार काय? पानातल्या रक्ताची गोष्ट?

रक्त लागणार होतं. माझं घ्या म्हणून मी बाही वर केली, तर जुळलं नाही. निरोप गेल्यावर मावशीचा मुलगा घाटाखालून आला, त्याचं जुळलं. तोवर सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरले नव्हते. मुलगी झाली. बाहेर ऐकू येईल इतकीही रडली नाही, आणि दुपार कलायच्या आत गेली. सून वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीच मोठी गोष्ट समजा. आणि पुढचं सांगताना त्यांनी आवाज उतरवला, की आता पुन्हा हिला मूल व्हायचं नाही.

मुलगा त्या एवढ्याशा गाठोड्याला घेऊन गेला. मी आणि मावशी दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसलो. मला वाटत होतं, की तिनं मला शिव्या घालाव्यात. मनात मी तिच्या तोंडी शिव्या घालूनही बघत होते. काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. ती बोलली ते असं.

"तुजं काय बी चुकलं न्हाई, बाय. तू काडलं बरुबर. माजंच चुकलं."

"मावशी, काय बोलतेस?"

"औशदाचा पाला खुडताना तोंड उगडायचं नसतं. येक शबुद बोलायचा नसतो. समदं पाळलं मी. थंड पान्यानं आंगूळ केली, सुनंशी बोलले न्हाई, देवाचं नाव बी मनात घेतलं. पन येक दिस वाफ्यात कुत्रं शिरलं गं. पाला तुडवाय लागलं." तिचा आवाज चिरकला. "नि मी त्याला हाड म्हनले."

मी तिच्याजवळ सरकले.

"तवाच गुन गेला. मला तवाच कळलं हुतं. पन म्हनलं, कुत्र्याला म्हनलेलं देव कशाला धरील. कुनाला सांगितलं न्हाई."

मी तिचे खांदे धरले आणि सगळं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून. की ते औषध नव्हतंच, कधीच नव्हतं, तो गुलाबी रंग माणसाच्या उपयोगाचा नाही, कुत्र्याचा काही संबंध नाही. पानं तिच्या सुनेला खायला घातली असती तर काही तरी उपयोग झाला असता, आणि मी ती फेकली. मी म्हणाले, "चूक माझी आहे, मावशी, माझी! तू काही केलेलं नाहीस!" मी रडत होते आणि ओरडतही होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पदरानं माझं तोंड पुसलं.

"लय मायेची हायेस तू," ती म्हणाली. "मला बोल लागू नये म्हनून म्हनतीस. कळतंय मला."

 

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत खाटेजवळ गेली. मी दारात उभी राहिले. तिनं सुनेच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि त्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "माज्यामुळं गं, माज्यामुळं." सासूनं सुनेच्या पाया पडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. सून घाबरून मान हलवत होती, नको नको म्हणत होती. पाय मागं ओढून घ्यायचं बळ मात्र तिच्या अंगात नव्हतं.